शेंदराखालचा चौऱ्याऐंशी

मैनाबाईच्या लेकीचे, नलूचे, लग्न झाले, त्या वर्षी मला या रस्त्याच्या कडेला रोवले. मांडवाच्या बांबूंची गाडी आणि मला घेऊन आलेला ट्रॅक्टर एकाच सकाळी इथे पोचले होते. मित्रांनो, मी एक जुना किलोमीटरचा दगड आहे.

माझा जन्म राजूरकडच्या एका खाणीतला. तिथे मी कितीतरी काळ नुसताच दगड होतो. उकंडा नावाच्या पाथरवटाने मला फोडून काढले, माझे डोके गोल केले आणि तोंड सपाट केले. छिन्नीचे घाव सोसताना वाटे, हा माणूस माझा जीव घेणार. पण तो दुपारची भाकरी माझ्याच सावलीला बसून खायचा आणि हात धुतल्यावर ओला तळवा माझ्यावरून फिरवायचा. पुढे एका रंगाऱ्याने माझे डोके पिवळे केले, तोंड पांढरे केले आणि त्यावर काळा आकडा काढला. माझ्या अंगावर अक्षर आले ते असे, फार उशिरा. त्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता. येणारे-जाणारे वाचत, 'चौऱ्याऐंशी', तेव्हा कळले की हे माझे नाव.

मला रोवले ती जागा आडरानातली. पांढरकवड्याकडून येणारा मोठा रस्ता, दोन्ही बाजूंना कपाशी आणि तूर, आणि आत गावाकडे जाणारी एक पांदण. पांदणीच्या तोंडाशी मैनाबाई आणि तिचा नवरा बबनराव यांची चहाची टपरी. मी टपरीच्या अगदी समोर.

माझे काम काय, हे मला धम्मरत्न जमादारांमुळे समजले. ते मोटरसायकलवरून गस्तीला येत, माझ्यावर पाय टेकून चहा पीत. एकदा बबनरावांनी त्यांना विचारले, "साहेब, या गोट्यावर तुमचा एवढा जीव काहून?"

जमादार म्हणाले, "बबनराव, या गोट्यापर्यंत रोड आमच्या ठाण्याचा. याच्या पुढं दुसऱ्या ठाण्याचा. तुमचं गाव त्या दुसऱ्या ठाण्यात, पन तुमची टपरी आमच्याकडं. रात्रंदिवस हा इथं उभा राह्यते म्हणून भांडण नाही होत. हा आपला हवालदारच समजा. फक्त पगार नाही अन् सुट्टी नाही."

"अन् बायकोही नाही," बबनराव म्हणाले. "म्हणून तर सुखात हाये!"

आतून मैनाबाईने चिमटा आपटला. "ऐकू येऊन राह्यलं मले!"

असे ते दिवस होते. वर्षातून एकदा रंगारी यायचा आणि माझा आकडा काळाभोर करून जायचा.

मग रामधनचा ट्रक उलटला. रामधन घाटंजीकडच्या तांड्यावरचा, कापसाच्या गाठी घेऊन निघाला होता. समोर गाय आली, त्याने चाक वळवले, ट्रक कलंडून घसरत आला आणि मला टेकून थांबला. माझा एक खांदा फुटला, तो अजून तसाच आहे. धम्मरत्न जमादार तेव्हा टपरीवरच होते. त्यांनी वायरलेसवर एवढेच सांगितले, "चौऱ्याऐंशीचा दगड, डावी बाजू, माणूस अडकला हाये." चहा निवायच्या आत म्हणावे इतक्या लवकर गाडी आली. रामधन वाचला.

त्या दिवशी मी मनातून फुललो होतो. त्यातूनच पुढचे सगळे घडले.

कुबडी टेकत चालू लागल्यावर रामधन नारळ घेऊन आला. माझ्यासमोर त्याने डोके ठेवले. "हा नसता तर मी मागच्या नाल्यात गेलो असतो," तो म्हणाला. त्याला वाचवले माझ्या आकड्याने. पण नारळ फुटला तो माझ्या डोक्यावर. मैनाबाई हे सारे बघत होती. दुसऱ्या दिवशी ती वाटीत शेंदूर आणि तेल कालवून आली आणि दोन्ही हातांनी तिने मला माखले. तिच्या मनात काही वाईट नव्हते. तिचा नवरा दिवसातून दहादा पाण्याची कॅन घेऊन हा रस्ता ओलांडायचा. त्याला कोणीतरी सांभाळावे, एवढेच तिचे मागणे होते.

बबनराव हसले. "आता रोडचा गोटाही पावते का?"

"तुमी गप राहा. तुमच्याचसाठी हाये ते."

धम्मरत्न जमादार आले तेव्हा त्यांनी माझ्यावर पाय ठेवला नाही. ते बुद्धाला मानणारे. आपण काही बोललो तर लोक वेगळाच अर्थ काढतील, हा विचार त्यांच्या तोंडावर मला स्पष्ट दिसत होता. शेवटी हळूच म्हणाले, "मैनाबाई, आकडा तेवढा उघडा ठेवजा."

तिने ऐकले. त्यांची बदली होईपर्यंत आकडा उघडा होता.

नंतर मात्र येणारा प्रत्येक ड्रायव्हर बोटभर शेंदूर लावून जाऊ लागला. शेंदरावर शेंदूर चढत गेला. माझे पांढरे तोंड गेले, मग आकडा गेला, मग उकंडाने दिलेला आकारही गेला. त्या जागेचे नावच 'शेंदऱ्या देव' पडले. रंगारी आला, चपला काढून पाया पडला आणि पुढच्या दगडाकडे गेला. रस्ता रुंद करायला मोठे मशीन आले, त्याने इतर दगड उपटले आणि त्यांच्या जागी आकड्यांच्या लोखंडी पाट्या लागल्या. माझ्याजवळ पाटी लागली नाही. देवाला कोण हात लावणार? मशीनवाल्याने मला वळसा घातला.

मित्रांनो, खोटे कशाला बोलू? उदबत्तीचा वास मला आवडू लागला होता. पुजलेला दगड मुका झाला आहे, हे माझ्या ध्यानातच आले नाही.

तान्ह्या पोळ्याचा दिवस होता. गावात लहान मुले लाकडी बैल सजवत होती. नलूची मुलगी वैष्णवी आजीकडे आलेली होती, पण ती गावात गेली होती. टपरीवर दोघेच. भर दुपारी बबनराव पलीकडच्या हापशीवरून पाण्याची कॅन भरून परत येत होते. एक पांढरी मोटार आली, त्यांना उडवून थांबली नाही. कॅन माझ्यापर्यंत घरंगळत आली आणि पाणी माझ्या पायाशी सांडले.

मैनाबाई धावली. बबनरावांचे डोके मांडीवर घेऊन ती मला पाठ टेकून बसली. शेतातून धावत आलेल्या बाईने मदतीचा नंबर लावून फोन तिच्या कानाशी धरला. पलीकडे दूर शहरातली एक मुलगी होती. आवाज मोठा ठेवला होता, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"आजी, तुम्ही नेमक्या कुठे आहात?"

"देवापाशी हावो बाई. शेंदऱ्या देवापाशी. लवकर गाडी पाठवा, मानूस बोलून राह्यला अजून."

"गाव कोणतं?"

मैनाबाईने गाव सांगितले. मुलीने त्या गावाच्या ठाण्याला जोडून दिले. तिथला माणूस म्हणाला, "गाव आमचं, पण मोठ्या रोडचं किलोमीटरवर असते. आकडा सांगा, नाहीतर पलीकडच्या ठाण्याले लावा." त्या ठाण्यानेही तेच विचारले, "आमची हद्द चौऱ्याऐंशीपर्यंत. तुमी अलीकडं का पलीकडं?"

मुलगी पुन्हा बोलली. तिचा आवाज मऊ होता. "आजी, रडू नका. जवळ किलोमीटरचा दगड दिसतो का? त्यावरचा आकडा वाचायला सांगा कोणाला तरी."

मैनाबाईने डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. तिची पाठ माझ्या छातीला लागलेली होती. तिचे काळीज कसे उडत होते, ते मला कळत होते.

"नाही वो बाई," ती म्हणाली. "दगड नाही इथं. देव हाये फक्त."

मी तिच्या पाठीमागे होतो, मित्रांनो. चौऱ्याऐंशी माझ्या अंगावर होता. पण शेंदराच्या थराखालून मी ओरडणार कसा?

अॅम्ब्युलन्स निघाली होती. तिचा ड्रायव्हर नवा होता. शेंदऱ्या देव म्हटल्यावर कोणीतरी त्याला नदीकाठच्या जुन्या शेंदऱ्या मारोतीचा रस्ता दाखवला. ती तिथे जाऊन उभी राहिली. इथे लखीराम टेम्पोवाला थांबला होता. बबनरावांना उचलायला तो वाकलाही, पण दोघे-तिघे म्हणाले, "पोलिसांची केस हाये, ते आल्याबिगर हात नको लावू." तो मागे सरला. उचलून नेले असते तर कायद्याने त्याला कोणी अडवले नसते, हे त्याला फार नंतर कळले.

"पानी," बबनराव म्हणाले.

"देतो ना," मैनाबाई म्हणाली. पण कॅन रिकामी झाली होती.

दोन्ही ठाण्यांच्या जीपा आल्या. एक माझ्या अलीकडे उभी राहिली, एक पलीकडे. तोवर मैनाबाईच्या मांडीवरचे डोके जड झाले होते.

तेरवी झाल्यावर मैनाबाई खुरपे आणि रॉकेलचा डबा घेऊन माझ्यासमोर बसली. मारोती नावाचा एक म्हातारा शेतकरी चहाला आला होता. तो घाबरला.

"मैने, डोकं फिरलं का तुहं? देवाले खरडून राह्यली?"

"देव नाही तो, मारोतीभाऊ. सरकारी गोटा हाये. त्याच्या तोंडात मीच बोळा कोंबला होता."

ती दिवसभर खरडत राहिली. शेंदराचे पापुद्रे तिच्या लुगड्यावर पडत होते. संध्याकाळी धम्मरत्न जमादार आले, आता निवृत्त, केस पांढरे. ते खाली बसले आणि तिच्या हातातले खुरपे घेऊन उरलेले काम करू लागले.

"मी तवाच ठासून बोलाले पाह्यजे होतं," ते म्हणाले.

"बोलले असते तरी मी ऐकलं असतं का, साहेब?"

आकडा निघाला. पुसट, पण निघाला. वैष्णवीने काळा रंग आणून तो गिरवला आणि आजीचे बोट धरून त्याच्यावरून फिरवले. मैनाबाई कधी शाळेत गेली नव्हती. आता ती रोज सकाळी ओल्या फडक्याने मला पुसते आणि बोट फिरवून म्हणते, "आठ. चार. चौऱ्याऐंशी." कोणी नवा ड्रायव्हर शेंदूर घेऊन वाकला, तर ती टपरीतून ओरडते, "पाया पड बाबा, पन आकड्याले हात नको लावू!"

मित्रांनो, रस्त्यावरच्या दगडाला फूल नसले तरी चालते. त्याचा आकडा तेवढा दिसू द्या. त्याच्यासमोरचे गवत काढा, त्याच्यावर पोस्टर चिकटवू नका. तुमच्या गावाजवळ माझा कोणी भाऊ उभा असेल, तर एकदा जाऊन त्याला वाचा आणि घरच्या म्हाताऱ्या माणसांना तो आकडा पाठ करून द्या. जखमी माणूस दिसला तर हद्द कोणाची हे विचारत बसू नका. त्याला उचला. हद्द आमच्यासारख्या दगडांसाठी असते.

माझे सांगून झाले. मी अजून इथेच आहे, फुटक्या खांद्याचा, आकडा उघडा असलेला. बबनराव तान्ह्या पोळ्याच्या दिवशी दुपारी माझ्यासमोर वारले. साल मला सांगता येणार नाही, पण वैष्णवी तेव्हा दहावीला होती.