दातांपासून जास्वंदीपर्यंत

मी लेन्स बोलतेय. कॅमेऱ्याच्या तोंडावर बसते ती. फोटो चांगला आला की लोक विचारतात, "कॅमेरा कुठला?" आणि वाईट आला की म्हणतात, "लेन्स पुसली नव्हती का?" याची आता सवय झालीय मला. पण आज थोडं माझंही ऐका.

आम्ही जवळचं बघणाऱ्या. डोंगरदऱ्या आणि लग्नातले गट दुसऱ्यांनी टिपावेत. मुंगीच्या मिशा बघायच्या असतील तर मला हाक मारा.

असं असूनही माझं तारुण्य गेलं दातांच्या दवाखान्यात. माझ्या मालकीणबाई दातांच्या डॉक्टर. खुर्चीतला माणूस आ करायचा, डॉक्टर म्हणायच्या, "अजून थोडं मोठं," आणि मी आत डोकावायचे. किडलेल्या दाढा, वाकडे सुळे, घाईघाईत जेवून आलेल्यांची अडकलेली भाजी. माणूस बाहेर कितीही ऐटीत असो, त्या खुर्चीत सगळे सारखेच घाबरट.

माझ्या पोटात पातळ पात्यांचं एक गोल भोक आहे. पाती मिटली की ते बारीक होतं, उघडली की मोठं. डॉक्टरांना पुढच्या दातापासून अक्कलदाढेपर्यंत सगळं रेखीव हवं असायचं. भोक बारीक असलं की जवळचं आणि लांबचं दोन्ही स्पष्ट येतं, म्हणून त्यांनी ते कायम बारीक ठेवलं. प्रकाश कमी पडायचा, त्यासाठी माझ्याभोवती फ्लॅशची कडी लावली. वर्षानुवर्षं मी डोळे किलकिले करून जग बघितलं, आणि जग म्हणजे दात अशीच माझी समजूत झाली.

मग दवाखान्यात नवं यंत्र आलं. फ्लॅशची कडी त्याच्याकडे गेली. मी आणि जुना कॅमेरा खणात गेलो, कापसाच्या गुंडाळ्यांशेजारी.

तिथून मला बाहेर काढलं डॉक्टरांच्या सासूबाईंनी. घरात सगळे त्यांना आई म्हणतात, म्हणून मीही आईच म्हणते. दाढ दाखवायला आल्या होत्या. खण उघडा दिसला, तशा म्हणाल्या, "हे नको असेल तर मला दे. माझी फुलं मोबाइलमध्ये नुसती फडक्यासारखी येतात."

आईंची फुलं गच्चीवर. कुंड्या, बादल्या, एक फुटकं बेसिन, जिथे माती मावेल तिथे झाड. पहिल्या सकाळी त्यांनी मला पिवळ्या जास्वंदीसमोर धरलं आणि मी बावरले. समोर तोंड होतं, पण दात एकही नव्हता.

भोक लहानमोठं करायचा आकडा डॉक्टरांनी ठेवला होता तोच राहिला. त्यामुळे फुलामागची पाण्याची टाकी, दोरीवरचे कपडे, पाइप, सगळं हजर. फ्लॅश नाही, आईंचा हात हलला, म्हणून फूल मात्र पुसट. डॉक्टरांचे सासरे, म्हणजे बाबा, फोटो बघून म्हणाले, "फुलापेक्षा माझी बनियन छान आलीय."

संध्याकाळी सुनेने समजावलं. "आई, हा आकडा मोठा केला की भोक लहान होतं."

"आकडा मोठा आणि भोक लहान? म्हणजे नाव मोठं, लक्षण खोटं."

"तसंच समजा. उद्या आकडा अगदी लहान करून बघा."

दुसऱ्या सकाळी आईंनी आकडा लहान केला आणि माझी पाती आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण उघडली. काय सांगू तुम्हाला. टाकी विरघळून निळा रंग झाली. बनियन पांढरं धुकं झाली. आणि त्या सगळ्यातून एका पाकळीची कड तेवढी लख्ख, तिच्यावरची शीर न् शीर मोजावी अशी. मला हे येत होतं आणि मलाच ठाऊक नव्हतं.

आई स्क्रीनकडे बघत राहिल्या. "अहो, टाकी गेली कुठे?"

मग त्यांना नादच लागला. रोज सगळं उघडं आणि रोज धुकंच धुकं. बाबा म्हणायचे, "हे फूल आहे की आंघोळीची वाफ?" आई रागवायच्या आणि पुन्हा वर जायच्या.

त्या गच्चीवर एक खास रोप होतं. आईंची थोरली बहीण, ताई, दुसऱ्या गावात राहते. मागे ती आली तेव्हा डबीत घालून आपल्या मरून रंगाच्या जास्वंदीचं फूल घेऊन आली होती. त्याचे पराग तिने आईंच्या पिवळ्या जास्वंदीला लावले. बी धरलं, रुजलं, रोप वाढलं. दोघी त्याला 'आपली नात' म्हणायच्या. पण नातीला कळी यायच्या आधीच ताई न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. पहिलं ऑपरेशन बिनसलं. दुसरं करा, चालता येईल, असं तिकडचे हाडांचे डॉक्टर सांगत होते. ताई ऐकेना. "या वयात पुन्हा चिरफाड कशाला? पडून राहते." मुलांनी समजावलं, आईंनी फोनवर रडून पाहिलं. ताई विषय बदलायची. "नात काय म्हणतेय? उमलली की तिच्या गळ्यात माझा मरून उतरलाय का ते सांग. आणि मधल्या दांडीच्या टोकाचे ठिपके कसे आहेत? नीट दाखव, दोन्ही."

एका सकाळी नात उमलली. जास्वंद एक दिवसाची पाहुणी, दुसऱ्या दिवशी मिटते. पाकळ्या पिवळ्या, आत खोल गळ्याशी मरून, आणि मधून पुढे आलेल्या दांडीच्या टोकाला पाच लाल ठिपके.

आई समोर बसल्या. ठिपके स्पष्ट केले, तर गळा धुक्यात. गळा स्पष्ट केला, तर ठिपके गायब. भोक अगदी बारीक केलं, तर प्रकाश पुरेना, आणि वाऱ्याने फूल डुलून सगळंच पुसट. बाबा छत्री घेऊन वारा अडवायला उभे राहिले.

"हात भरून आला."

"हलू नका. ती माझी नात आहे."

"मग मी तिचा कोण? छत्रीचा दांडा?"

ऊन चढायला लागलं. आई उन्हातून सरकायला म्हणून स्टूल घेऊन बाजूला गेल्या, सहज माझ्यातून बघितलं आणि थबकल्या. तिरक्या बाजूने बघितल्यावर दांडीचं टोक आणि गळा माझ्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर आले होते. जवळ जायचा मोह आवरून त्या वीतभर मागे सरकल्या. आकडा मधला ठेवला. माझी पाती अर्धी मिटली, अर्धी उघडी. टाकी विरलेली, ठिपके लख्ख, गळ्यातला मरून मखमलीसारखा. बाबांची छत्री स्थिर, आईंचा श्वास बंद. टक्.

फोटो ताईला गेला आणि तिचा फोन आला.

"गळा माझ्या झाडाचा आहे," ताई म्हणाली.

"आणि पाकळी माझ्या."

"आता हिचे पराग तुझ्या पांढऱ्या जास्वंदीवर टाकायचे. तुला जमणार नाही, तुझा हात थरथरतो."

"मग ये ना तू."

मग ताई म्हणाली, "मुलाला सांग, तारीख घे म्हणावं."

ऑपरेशननंतर ताई वॉकरच्या आधाराने खिडकीशी उभी राहिली, तेव्हा मीही तिथे होते. आईंनी मला पूर्ण उघडलं. पलंगाचे गज, सलाइनचा दांडा, औषधांचं टेबल, सगळं मऊ रंग होऊन मागे गेलं. राहिले ताईचे दोन डोळे.

"इतकी सुरकुतलेय मी?" ताईने विचारलं.

"आहेस."

"राहू दे. छान आहे."

आज माझ्या कडेला ओरखडे आहेत, फिरवताना किंचित करकर होते. ताई सध्या इथेच मुक्कामाला आहे, खुर्ची टाकून गच्चीवर बसते. पांढरीला बी धरलं होतं, त्यातून आलेल्या रोपाची पहिली कळी आज उमलतेय. एक म्हणते ठिपके घे, दुसरी म्हणते पाकळी घे, आणि बाबा छत्री घेऊन निकालाची वाट बघतायत.

तुमच्याकडेही माझ्यासारखी कुणी खणात पडली असेल, तर तिला बाहेर काढा. एकदा पूर्ण उघडून बघा. तिलाही ठाऊक नसेल तिला काय काय येतं ते.

आता मी गप्प बसते. वारा पडलाय.