घड्याळामागची राखण

“शेपटी गेली तर जाऊ दे, पण अंडी उघडी टाकून पळू नकोस.”

माझ्याआधी या घड्याळामागे राहणाऱ्या म्हातारीने मला असे बजावले होते. आता तिच्या जागी मी आहे. मित्रांनो, मी एक म्हातारी पाल आहे. किंचाळू नका. मीही तुम्हाला तितकीच भिते.

आमची खोली पुस्तके बांधणाऱ्या बाइंडरांची. सुटी पाने, दोऱ्याची रिळे, पुठ्ठे आणि पातेलेभर खळ. मैद्याची खळ म्हणजे झुरळांना आयते आमंत्रण. म्हणून बाइंडर तिच्यात चिमूटभर विषारी मोरचूद घालत. मग ती खळ टाळून भिंतीवर फिरणारी झुरळे माझ्या वाट्याला येत, आणि दिव्याभोवतीची चिलटे कोपऱ्यातल्या कोळिणीच्या. आम्हा दोघींचे कधी पटले नाही. तिची पिल्लेही मी गिळली आहेत. तरी देवाने दोघींना उपाशी ठेवले नाही, आणि पुस्तके शाबूत राहिली.

मग बाइंडरांनी अंथरूण धरले आणि काम सूनबाईंच्या हाती आले. हात सुगरणीचा! खळ अशी मऊसूत शिजली, की विचारू नका. फक्त मोरचूद घालायचा राहिला. झुरळांनी नव्या पुस्तकांच्या पाठी कुरतडल्या. मी एकटी कुठवर पुरी पडणार? सूनबाईंनी घाबरून फवारा आणला, फटीफटीत विषारी पावडर भरली. माझ्या घड्याळामागेसुद्धा.

त्या दुपारी झुरळे उताणी पडून पाय झाडत होती. भुकेपोटी मी एक तोंडात धरले आणि जीभ भाजली. थुंकले म्हणून वाचले. कोळिणीने मात्र फवारा लागलेला घास सोडला नाही. ती पाय आवळून जाळ्यात लटकत राहिली. पुढे भिंतीतून नवी झुरळे निघाली, पण त्यांना तोंड लावायची माझी हिंमत होईना.

माझी दोन अंडी घड्याळाच्या पाठीला चिकटलेली आहेत. ती हलवता येत नाहीत. पावडर त्यांच्यापासून बोटभर अंतरावर. पिल्लांचे पहिले पाऊल विषातच पडणार.

आज सकाळी फवारा माझ्यावरच रोखला गेला. मी चुकचुकले. सूनबाई किंचाळल्या.

“काय झालं गं?” आतून बाइंडरांनी विचारले.

“पाल, मामंजी! आज हिला संपवतेच.”

“मग झुरळं तू खाणार का?”

“शी! काहीतरीच तुमचं.”

“अगं, मीही तिला जन्मभर भ्यालो. घड्याळाला किल्ली देताना डोळे मिटून घ्यायचो. पण मारली नाही. तूही मारणार नाहीस, असं वचन दे. आणि ती पावडर पुसून टाक.”



“दिलं. पण अंगावर पडली तर घर डोक्यावर घेईन, सांगून ठेवते!”

मित्रांनो, आम्ही तुम्हाला आवडावे असा हट्ट नाही. दिसताक्षणी विषाची बाटली शोधू नका, एवढेच मागणे. एका किड्यासाठी टाकलेले विष त्याच्यापाशी थांबत नाही; घासाघासाने पुढे जाते.

आता स्टूल सरकल्याचा आवाज येतो आहे. सूनबाईंनी नाकाला रुमाल बांधला आहे. त्या वर चढत आहेत. पळावेसे वाटते, पण म्हातारीचे शब्द पाय धरून ठेवतात.

सूनबाईंचा एक डोळा घट्ट मिटलेला आहे, दुसरा जेमतेम उघडा. हातात फवारा नाही. ओले फडके आहे.