कडूबामामांचा दहाचा टोल

पाहुण्यांच्या यादीत शेवटचं नाव कडूबामामांचं होतं आणि त्यापुढं ‘वाहन’ या रकान्यात सदाशिवरावांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, ‘गरज नाही’.

वाचकहो, अशी यादी तुम्हीही कधीतरी केली असेल. कुणाला घ्यायला गाडी पाठवायची आणि कुणाला फोनवर पत्ता सांगून मोकळं व्हायचं, हे आपण कसं ठरवतो, जरा आठवून बघा!

शाळेची पंचाहत्तरी होती. निजामी संपली त्या पोलिस ॲक्शननंतरच्या वर्षी जुन्या बाजारात गुलमंडीमागं दोन खोल्यांत निघालेली ही शाळा आता शहराबाहेर पडेगावला तीन मजली झाली होती. समारंभ समईनं नाही, तर जुन्या रुळाच्या तुकड्यावर टोल देऊन सुरू व्हायचा होता, बरोबर दहाला. टोल देणार कडूबामामा, चौतीस वर्षं तोच टोल देणारे शाळेचे शिपाई. निवृत्त झाल्यावर ते शंभरेक किलोमीटरवर फर्दापूरला लेकीकडं राहत. वय ऐंशीच्या पुढं. “पत्रिका आल्यापासून जेवणात ध्यान नाय त्यांचं,” लेकीनं फोनवर सांगितलं होतं. “टोलाची हातोडी रोज राखेनं घासत्यात.”

सदाशिवराव शाळेचे माजी विद्यार्थी. आता बँकेत मोठे साहेब आणि समारंभाच्या वाहतूक समितीचे प्रमुख. मुंबईहून विमानानं येणाऱ्या प्रमुख पाहुण्यांसाठी त्यांनी दोन गाड्या लावल्या होत्या, एक बसायला आणि एक मागं चालायला. तिसरी गाडी मांडवाबाहेर लिंबाच्या सावलीत रिकामी उभी होती. ऐनवेळी कुणी बडा माणूस आलाच तर असावी म्हणून!

साडेआठला फोन आला.

“सायेब, म्या कडूबा बोलतोय. शाळा कुठं गेली ओ? इथं तर मोबाईलची दुकानं हायती. वॉचमन म्हणतो, हल इथून.”

सदाशिवरावांनी फोन स्पीकरवर टाकला. समितीतली माणसं पोट धरून हसली.

“मामा, शाळा पडेगावला जाऊन दहा वर्षं झाली! एवढंही माहीत नाही?”

कसं माहीत असणार? पत्रिकेवर नुसतं ‘शाळेच्या प्रांगणात’ छापलं होतं. शहरात सगळ्यांना ठाऊकच आहे म्हणून पत्ता कुणी घातलाच नव्हता.

“चौतीस वर्षं या शहरात काढलीत ना तुम्ही? मग! रिक्षा धरा, कुणालाही विचारा. एकदम सोपं आहे.”

फोन ठेवताना सदाशिवरावांच्या मनात आलं, रिकामी गाडी पाठवावी का? पण शिपायाला आणायला गाडी गेली, तर बाकीचे काय म्हणतील? विचार आला तसा गेला.

पावणेदहाला पुन्हा फोन. आवाजाला धाप लागलेली.

“सायेब, शेअर रिक्षावाल्यानं अर्ध्या वाटंतच, छावणीत उतरवलं. दुसरा कुणी थांबंना. म्या चालत निघालोय. दहाचा टोल तेवढा दोन मिनिटं थांबवा.”

“मामा, कार्यक्रम एका माणसासाठी थांबत नसतो!” असं म्हणून सदाशिवरावांनी फोन बंदच करून टाकला.

दहाला टोल पडला. प्रमुख पाहुण्यांनी मंडपवाल्याच्या हातोडीनं हसत हसत दिला, फोटोसाठी आणखी एकदा दिला. टाळ्या झाल्या. सत्कार आटोपले. मामांची शाल उरली, ती मंडपवाल्याच्या खांद्यावर पडली.

भाषणं संपल्यावर जुन्या मुख्याध्यापिका भानुमतीबाई सदाशिवरावांपुढं येऊन उभ्या राहिल्या.

“कडूबा कुठं आहे रे?”

“आले नाहीत बाई. वेळेवर निघायला नको? या लोकांना वेळेची किंमतच नाही.”



“वेळेची किंमत? तू फुलंब्रीहून यायचास. तुझी बस रोज उशिरा. उशिरा येणाऱ्याला मी फाटकाबाहेर उभं करायची. आणि हा कडूबा रस्त्याकडं डोळे लावून टोल दोन मिनिटं थांबवायचा. मी त्याला दोनदा मेमो दिला, पण कुणासाठी थांबवतोस ते त्यानं तेव्हा सांगितलं नाही. निवृत्तीच्या दिवशी सांगितलं. तुझं नाव घेऊन म्हणाला, ‘बाई, पोरगं बाहेरगावचं होतं.’ आणि आज तो बाहेरगावचा होता सदाशिव! तुला दोन मिनिटं थांबता आलं नाही?”

सदाशिवराव फाटकाकडं धावले.

मामा फाटकाबाहेर दगडावर उन्हात बसले होते. पायाला टरटरून फोड आले होते. पाहुण्याचा बिल्ला नाही आणि पिशवीत लोखंडी हातोडी, म्हणून रखवालदारानं त्यांना तासभर बाहेरच बसवलं होतं. बिल्ला कुठून असणार? सदाशिवरावांनी केलाच नव्हता.

“मामा, चला आत! पुन्हा देऊ टोल, तुमच्या हातानं.”

“नगं सायेब. ऐकला म्या वाटंनं येतानाच, भोंग्यावर. दोनदा दिला जणू कुणी.” मामांनी हातोडी त्यांच्या हातात ठेवली. “दहाचा टोल साडेअकराला देत नसत्यात. शाळंत ठिवा ही. मला फर्दापूरची बस दावा फक्त.”

सदाशिवराव रडले, पाया पडले. मामांनी पाय मागं घेतले. चालवतच नव्हतं म्हणून ते गाडीत बसले. गाडी सदाशिवरावांनी स्वतः चालवली. हर्सूल गेलं, चौका गेलं, मामा मांडीवरच्या पिशवीची घडी घालत राहिले. फुलंब्रीच्या स्टँडपाशी मात्र त्यांनी काचेतून बाहेर पाहिलं.

“हितूनच येत होते न तुम्ही, सायेब?”

एवढंच. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. सदाशिवरावांना गाडी बाजूला घ्यावी लागली.

मित्रहो, जो स्वतःच्या गाडीनं येऊ शकतो त्याला आपण गाडी पाठवतो आणि ज्याला बसमधून उतरल्यावर कुठं वळायचं ते कळत नाही, त्याला म्हणतो, ‘या की, सोपं आहे.’ सोपं असतं ते आपल्याला! बोलावलेल्या माणसाला दारापर्यंत आणायचं नसेल, तर त्याला बोलावूच नये. ते आमंत्रण नव्हे, अपमान आहे.

आता शाळेचा कुठलाही समारंभ असो, सदाशिवराव पहाटेच मध्यवर्ती बसस्थानकावर जाऊन उभे राहतात. यादीतला ‘वाहन’ हा रकाना त्यांनी काढून टाकला आहे; गाडी आता सगळ्यांनाच. दरवर्षी पहिली पत्रिका पूर्ण पत्त्यासकट फर्दापूरला जाते आणि गाडीही जाते.

मामा पत्रिका ठेवून घेतात, गाडी रिकामी परत येते.