दुसरं कडवं

अंशने त्या मालिकेचं सुरुवातीचं गाणं आयुष्यात एकदाही पूर्ण ऐकलेलं नव्हतं. भाग सुरू झाला की हा पठ्ठ्या 'स्किप इंट्रो' दाबायचा. आणि त्याच गाण्यावर तो स्टार झाला, तेही माझ्या जिवावर.

आमची दोघांची घरं दुबईत, अल बर्शातल्या एकाच बिल्डिंगमध्ये. ही जपानी ॲनिमे मालिका आम्ही शाळेत होतो तेव्हापासून चालू आहे. तिचं गाणं अधूनमधून बदलतं आणि माझ्यासारखे वेडे प्रत्येक गाणं तोंडपाठ करतात. त्यातल्या माझ्या सगळ्यांत लाडक्या गाण्याला मी मराठी शब्द लिहिले. जपानी चालीत मराठी बसवताना नाकी नऊ आले. अंशचा आवाज छान, म्हणून गायला त्याला दिलं. व्हिडिओ शारजापासून अबूधाबीपर्यंत फिरला. खाली त्याने लिहिलं होतं, 'शब्द आणि स्वर: अंश'.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जाब विचारला तर म्हणाला, "चिल ना मिहिका, लोक व्हॉइस ऐकतात. लिरिक्स कोण बघतं?" त्याच्या आईने, कुंदाकाकूंनी, उलट मलाच समजावलं की मुलीच्या जातीने नावासाठी एवढं भांडू नये. मी हसून मान डोलावली. वचपा काढायचा हे तिथेच ठरलं.

पुढे दुबईतल्या एका ॲनिमे मेळाव्यात त्याला गायला बोलावलं. ट्रॅक नेहमीप्रमाणे मीच लावणार होते, कारण मी सगळं विसरले असा त्याचा समज होता. टीव्हीवर गाण्याचा जेमतेम दीड मिनिटाचा तुकडा लागतो, एकाच कडव्याचा. पूर्ण गाण्याला तीन कडवी आहेत. तिथे येणाऱ्या प्रत्येक पोराला हे माहीत असतं, फक्त अंशला नव्हतं. त्याला मी पहिलंच कडवं दिलं होतं आणि पुढचं काही आहे का, हे त्याने कधी विचारलंही नाही. साउंडचेकला मी छोटा ट्रॅक लावला. कार्यक्रमात पूर्ण लावला.

पहिलं कडवं त्याने झकास म्हटलं. वाकून टाळ्या घेतल्या, पण संगीत थांबेना. त्याने मला बंद करायची खूण केली. मी समोरच्या बटणांत डोकं घातलं. तेवढ्यात पोरं दुसरं कडवं जपानीत म्हणायला लागली आणि अंशने ऐटीत माइक त्यांच्याकडे धरला. गडी निसटत होता. मग मी माझा माइक चालू केला आणि तेच कडवं मराठीत म्हटलं. माझा आवाज काही त्याच्यासारखा नाही, तरी सगळा हॉल गप्प होऊन ऐकायला लागला.

कडवं संपल्यावर, मधलं संगीत चालू असताना, निवेदक यहयाने विचारलं की ही कोण. अंश पटकन म्हणाला, माझी फ्रेंड आहे, कधीकधी हेल्प करते. तोवर मला त्याची थोडी कीव येत होती. ती तिथे संपली.

"अजून एक कडवं राहिलंय, अंश," मी माइकवर म्हटलं. "लिरिक्स तुझेच ना? यल्ला, म्हण."

हॉलमधून कुणीच सूर धरला नाही, सगळे त्याच्याकडे बघत होते. पहिल्या रांगेत कुंदाकाकू मोबाईल धरून शूटिंग करत होत्या. अंशने माइक तोंडाजवळ नेला आणि तसाच राहिला. तिसरं कडवं मी सगळ्यांत चांगलं लिहिलंय, आणि लोकांनी ते ऐकावं असं मला फार वाटत होतं. पण मी ते म्हटलं नाही. संगीत संपेपर्यंत त्याला तसंच उभं राहू दिलं.