टिंकर डोंगरावरची विसावी वीज

मित्रांनो, मी एक जुनी घडवंची आहे. तुम्ही मला स्टूल म्हणाल, खुशाल म्हणा. पण माळ्यावरचे डबे काढायला घरोघरी असते तसली मी नव्हे! माझ्या चारही पायांना हिरव्या काचेच्या जाड वाट्या बसवल्या आहेत. पूर्वी टेलिफोनच्या खांबावर तारेखाली असायच्या ना, तशाच. काचेतून वीज जात नाही. माझं काम एकच. वीज पडू लागली की माणसाला माझ्यावर उभं करायचं आणि हलायचं नाही.

एमिट नावाच्या सुताराने मला घडवलं, एकही खिळा न मारता. घडवून झाल्यावर माझ्यावर चढून त्याने दोन उड्या मारल्या आणि म्हणाला, ही मला पुरून उरेल. मी उरलेसुद्धा. मग खेचराच्या पाठीवर मला उलटी बांधून टिंकर डोंगराच्या माथ्यावर आणलं. दोन दिवस माझे पाय आभाळाकडे होते. वाटेतल्या खारी बहुतेक हसल्या असतील.

अमेरिकेतल्या आयडाहोच्या या रानात रस्ता नाही, मोटार नाही. डोंगरमाथ्यावर चारही बाजूंनी खिडक्या असलेली एक खोली आहे, आणि उन्हाळाभर तिथे एक माणूस धूर शोधत बसतो. वादळ आलं की त्याने लोखंडी चुलीला शिवायचं नाही, खालच्यांशी बोलायच्या रेडिओला शिवायचं नाही. माझ्यावर उभं राहायचं आणि पडलेली प्रत्येक वीज मोजून कागदावर टिपायची. कारण विजेने पेटलेलं झाड लगेच धूर देतंच असं नाही. ते आतल्या आत आठ-दहा दिवस धुमसतं आणि एखाद्या वाऱ्याच्या दुपारी भडकतं. म्हणून कागदावरच्या प्रत्येक जागेवर कितीतरी दिवस डोळा ठेवावा लागतो. आणि विजेने लावलेली आग इथे कुणी विझवत नाही, ती रानाचीच समजतात. आम्ही फक्त पाहायचं आणि खाली वनखात्याच्या कचेरीत कळवायचं. खालचे लोक त्या भागातल्या वाटा बंद करतात.

माझ्यावर खूप माणसं उभी राहिली. पण व्हर्नाइतकी माझी कुणीच नव्हती. सतरा उन्हाळे! मध्यंतरी खोलीला वीज जमिनीत उतरवणाऱ्या तांब्याच्या तारा लावल्या आणि खात्याचे साहेब म्हणाले, आता या लाकडाचं काय काम, चुलीत घाला. व्हर्नाने त्यांना शांतपणे सांगितलं की चुलीत घालायचंच असेल तर तुमच्या खुर्चीपासून सुरुवात करू. मला केवढा तोरा चढला म्हणून सांगू!

तिचा धाकटा भाऊ ऑरिन खेचरवाला. दर पंधरा दिवसांनी तिच्यासाठी पीठ, बटाटे, कॉफी आणायचा आणि खालूनच ओरडायचा, "राणीसाहेब, दरबार भरलाय का?" ती वरून विचारायची की आज खेचरं पाच आली की सहा. सहावं म्हणजे तो स्वतः. हे ऐकून तोच मोठ्याने हसायचा.

आता जे सांगायचं आहे ते मला अजून जड जातं.

ऑगस्टमधल्या एका दुपारी पश्चिमेकडून काळंभोर वादळ आलं. व्हर्ना माझ्यावर चढली, पश्चिमेला तोंड करून. एकामागून एक विजा पडत होत्या, तिची पेन्सिल थांबत नव्हती. तेवढ्यात तिच्या पाठीमागे, पूर्वेला, पॅचेट ओढ्याच्या घळीत एक वीज उतरली. एका वाळलेल्या झाडावर. मी पाहिली. मला काय, चारही दिशा सारख्याच! माझे पाय थरथरले, काच किणकिणली. पण व्हर्नाच्या समोर त्याच क्षणी दुसरी वीज पडली होती आणि ती तिची जागा टिपत होती. कागदावर एकोणीस विजा झाल्या. पडल्या होत्या वीस.

मित्रांनो, मला तोंड असतं तर! पुढचे पाच दिवस मी त्या घळीकडे बघत होते आणि व्हर्ना तिच्या एकोणीस जागांकडे बघत होती.

सहाव्या दिवशी सकाळी रेडिओवर ऑरिनचा आवाज आला. वाटा दुरुस्त करणाऱ्या लोकांचं सामान घेऊन तो परत निघाला होता. डोंगराच्या धारेवरून जाणाऱ्या वाटेने एक दिवस जास्त लागणार, तिथे पाणी नाही, आणि त्याच्या खेचरांपैकी डचेस लंगडत होती.

"राणीसाहेब, ओढ्याची वाट कशी आहे?"

व्हर्नाने कागद पाहिला. दुर्बीण लावून घळ पाहिली. तिथे धुराची रेघसुद्धा नव्हती.

"स्वच्छ आहे, ये. आणि डचेसला उगाच घाई करू नकोस, तिला तुझ्यापेक्षा अक्कल आहे."

"ते ती मला रोजच सांगते," तो म्हणाला आणि घळीत उतरला. घळीत रेडिओ लागत नाही.

दोनच्या सुमाराला वारा सुटला. आणि त्या वाळलेल्या झाडाच्या जागी आधी पांढरा, मग पिवळट, मग काळा धूर उभा राहिला.

व्हर्नाने खाली कळवलं. खालचे म्हणाले, एवढ्या वाऱ्यात आणि धुरात हेलिकॉप्टर उतरणार नाही. त्यांनी लगेच माणूस पाठवून ओढ्याच्या तोंडाशी पाटी ठोकली: वाट बंद. सगळं नियमाने झालं. व्हर्ना एवढंच म्हणाली, "बंद कुणासाठी? तो तर आत आहे."

मग ती माझ्यावर चढली. वादळ नव्हतं, वीज नव्हती. पण माझ्यावर उभं राहिलं की फूटभर उंचावरून दिसतं, म्हणून चढली. दिसत मात्र फक्त धूरच होता. दर पाव तासाने ती रेडिओत म्हणायची, "ऑरिन, टिंकर बोलतेय." मग बटणावरचं बोट उचलून ऐकायची. नुसती खरखर. पुन्हा म्हणायची. अंधार पडेपर्यंत ती खाली उतरली नाही. मला एकच काम येतं, उभं राहायचं. ते मी केलं. त्याचा त्या दिवशी काय उपयोग झाला, मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता खालून निरोप आला. ऑरिन बाहेर पडला होता. ओढ्याच्या एका डोहात खेचरांना घेऊन तो रात्रभर गळ्यापर्यंत पाण्यात बसला होता. त्यापूर्वी त्यांच्या पाठीवरचं सामान सोडवताना तापलेल्या लोखंडी कड्यांनी त्याचे दोन्ही तळहात भाजले होते. चार खेचरं वाचली. डचेस डोहापर्यंत पोचू शकली नाही.

व्हर्ना जमिनीवर बसली. माझा एक पाय तिने घट्ट धरला होता.

चौकशीला आलेल्या साहेबाने कागद पाहिला आणि म्हणाला की एकाच वेळी चारही दिशांना कुणालाच पाहता येत नाही. तसंच त्याने लिहूनही नेलं. व्हर्नाला दोष लागला नाही.

सप्टेंबरच्या शेवटी ऑरिन तिला खाली न्यायला आला. हातांना पट्ट्या होत्या, त्यामुळे गाठी व्हर्नाच मारत होती आणि तो शेजारी उभा राहून तिच्या गाठींना नावं ठेवत होता. या वेळी तो खालून ओरडला नव्हता. शेवटचं गाठोडं बांधून झाल्यावर ती खोलीत परत आली आणि माझ्यावर बसली. तोही मागोमाग आत आला.

"मला कळलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"त्या दिवशी पाठीमागे पडलेली वीज. डोळ्यांनी नाही पाहिली, तळव्यांना कळली. ही थरथरली होती." तिने माझ्या लाकडावर हात ठेवला. "मला वाटलं, समोरचीच असेल. मान वळवायला कितीसा वेळ लागतो, ऑरिन?"

ऑरिनने पूर्वेच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. तिथे घळ काळी पडली होती. "तुझं काही चुकलं नाही" असं तो म्हणेल, असं मला वाटलं. तो तसं म्हणाला नाही.

"चल," तो म्हणाला, "खेचरं उन्हात उभी आहेत."

मित्रांनो, तोवर मी समजत होते की मला बोलता आलं नाही. तसं नव्हतं. मी थरथरून बोलले होते, आणि ते तिच्यापर्यंत पोचलंही होतं. तरी काही उपयोग झाला नाही. हे कळल्यापासून मला जास्तच वाईट वाटतं.

व्हर्ना पुढच्या वर्षी आली नाही. आता माथ्यावर कॅमेरा बसवला आहे आणि खोलीला कुलूप आहे. विजा पडतात, मी मोजते. गेल्या जुलैमध्ये एका दुपारी चौदा पडल्या. कॅमेऱ्याने किती पाहिल्या, कुणाला विचारू?

माझं एवढं ऐका. रानाच्या वाटेवर "बंद" अशी पाटी दिसली तर तिच्यावर चिडू नका, तिला वळसा घालून आत जाऊ नका. आणि पाठीमागे काहीतरी झालं असं तुमच्या तळव्यांना नुसतं वाटलं, तरी हातातलं काम सोडा आणि एकदा मान वळवा. मला मान नाही. तुम्हाला आहे.