एकतीस वेळा उचललेला पेला

वलवणच्या धरणाची खोली मी आजवर चार हजार पर्यटकांना तरी सांगितली असेल, आणि कुठल्याच दोघांना एकसारखी सांगितलेली नाही. लोणावळ्यात पॉइंट दाखवायचा धंदा मी एकेचाळीस वर्षं केला. खरं तर छत्तीस. बघा, सवय जात नाही.

त्या धंद्यात मी एकच विद्या शिकलो. दरी हजार फूट खोल आहे म्हटलं की पाहुणा हसतो आणि कणीस खायला लागतो. नऊशे त्र्याहत्तर म्हटलं की कणीस हातात तसंच राहतं, तो कठड्यावरून वाकून बघतो आणि बायकोला आकडा सांगतो. एकदा माझी टोपी दरीत पडली, ती खालच्या वाऱ्यानं वर आणून परत माझ्या डोक्यावर ठेवली, असं मी सांगायचो. कुणी विश्वास ठेवायचं नाही. मग मी त्यात 'सव्वातीन मिनिटांनी' घातलं. त्या दिवसापासून लोक टोपी हातात घेऊन बघायला लागले.

हीच विद्या मी शेवटची कुठं वापरली, ते आता सांगतो. यात टोपी नाही.

गेल्या वर्षी भात कापणीच्या तोंडावर रतनबाईच्या, म्हणजे आमच्या मंडळींच्या, उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय महिन्याभरात परत आला. बोलणं आलं, पण तुटक आलं. हात मात्र आला नाही. दुसऱ्या कुणाचा हात सांभाळायला दिल्यासारखी ती तो मांडीवर घेऊन बसायची. जीभ जरा सुटली तशी पहिली धमकी मला मिळाली.

"ह्यो हात उठू द्या. पैली थोबाडीत तुमच्या."

"कुठल्या थापेची?"

"मोजाय बसले तर हात परत पडंल."

लोणावळ्यातल्या एका केंद्रात मेंदूच्या झटक्यानं पडलेल्या हातांवर एक प्रयोग चालला होता. तिथल्या अनघाताईंनी आम्हाला सामील करून घेतलं. पुण्याची मुलगी, व्यायाम करून घेणारी, पण डोकं हिशेबी. यंत्र काडेपेटीहून थोडं मोठं. त्याची एक चिमटी कानाला लावायची. कानातून एक नस मेंदूकडं जाते, तिला बारीक करंट द्यायचा आणि त्याच वेळी हाताला काम सांगायचं. मेंदू जागा असला की शिकतो, असं त्यांचं म्हणणं.

"पण आबा, चोवीस जणांपैकी बाराच यंत्रांत खरा करंट आहे," ताई म्हणाल्या. "बाकीची बारा मुकी. दिवा लागतो, सुरुवातीला जरा मुंग्या येतात, मग काही नाही. कुणाला कुठलं, ते कॉम्प्युटरनं चिठ्ठ्या टाकून ठरवलंय. मलाही माहीत नाही."

"आमच्या म्हातारीला फशिवणार म्हना की."

"तुम्ही भात लावता ना? दोन वाफे घ्या. एकाला खत घाला, एकाला नको. दुसरा वाफा नसेल, तर पीक खतानं आलं की पावसानं, कळणार कसं?"

हे मला पटलं. पुढचं तर फारच पटलं. खताच्या वाफ्यात पीक जास्त आलं, म्हणजे खऱ्या यंत्राचे हात मुक्या यंत्राच्या हातांपेक्षा जास्त सुधारले, तर मुकं यंत्र मिळालेल्या बारा जणांनाही नंतर खरं यंत्र मिळणार होतं. फुकट, वर्षभरासाठी.

रतनबाईनं विचारलं, "मला मुकं आलं आन् हात न्हाईच उठला, तर माझा काय उपेग?"

"मावशी, तुमचं शून्यसुद्धा तितकंच कामाचं आहे. त्याच्याशीच तर ताडून बघायचं."

हे रतनबाईनं गाठीला बांधून ठेवलं. मी ऐकलं आणि सोडून दिलं.

काम असं होतं. अर्धा पेला पाणी टेबलावर ठेवायचं. पाच मिनिटांत तो पेला उजव्या हातानं किती वेळा उचलला, ते रोज घरच्या माणसानं एका वहीत लिहायचं. बारा आठवडे. डोंगरातली माणसं रोज केंद्रात कशी येणार, म्हणून घरच्या वहीचा आकडाच मुख्य धरायचा, असं त्यांनी आधीच कागदावर ठरवून टाकलं होतं.

पहिल्या दिवशी पेला उचलला शून्य वेळा. दुसऱ्या दिवशी बोटं पेल्याभोवती आली आणि तिथंच राहिली. शून्य. आठवडाभर शून्य. रतनबाईला वाचता येत नाही. ती विचारायची, "काय लिवलं?"

"शून्य."

"खरं? ह्या वहीत तरी थापा नगं. माझी शपथ हाय."

"शून्यच लिहिलं गं."

शून्य मी लिहिलंच नव्हतं. आमच्या गावात मागं बायकांना शिवणयंत्रं वाटली होती. महिन्याभरात जिनं काही शिवलं नाही, तिचं यंत्र उचलून नेलं. मला वाटलं, इथंही तसंच होणार. आठ दिवस शून्य दिसलं की ही मंडळी गाडी घेऊन येतील, कानातली चिमटी काढतील आणि म्हणतील, इथं काही उगवत नाही, दुसऱ्याला देऊ. म्हणून मी तीन लिहिलं. दुसऱ्या दिवशी चार. मग परत तीन. मग सहा, पाच, सहा. रविवारी मुद्दाम दोन लिहिलं आणि पुढं टिपलं, 'पाहुणे आले, दमली.' पाहुणे आले नव्हते. बाराव्या आठवड्यात मी एकतीसवर पोचलो. तीस नाही, एकतीस. इतकी सुरेख थाप मी जन्मात रचली नव्हती.

केंद्रात महिन्यातून एकदा बोलवायचे. ज्या जीपनं आम्ही जायचो, तिच्यात वरच्या वाडीतला कोंडू असायचा, बायकोला, सावित्राबाईला घेऊन. तिचाही उजवाच हात. कोंडू करवंदं, जांभळं विकणारा. द्रोण पाचपाचानं मोजायची त्याची सवय. वहीतही तसंच. सावित्राबाईनं पाच वेळा पेला उचलला की तो एक रेघ मारायचा आणि शेवटी रेघा मोजून आकडा लिहायचा. पाच, पाच, दहा, दहा, पंधरा.

मी त्याची वही बघून हसलो. "कोंडू, असं लिवलं तर त्यांना वाटंल, तू घरी बसून मनानं लिवतोस. मदी सात लिव, तेरा लिव."

"पर आबा, सात कसं लिवू? रेघ तर पाचाची हाय."

"मग वरचं दोन कुटं जात्यात?"

"ते दुसऱ्या दिवशी धरतो की."

जीपमधले सगळे हसले. सावित्राबाईनंही हसताना पदर तोंडाला लावला, आणि तो उजव्या हातानं लावला. रतनबाई त्या हाताकडं घाटाचं वळण येईपर्यंत बघत होती.

शेवटच्या तपासणीत अनघाताईंसमोर रतनबाईचा हात टेबलावरून हललाच नाही. ताई गोंधळल्या. मी त्यांना दाराबाहेर गाठून म्हटलं, "घरी उचलती हो. हितं बुजती. जीपनं हात आखडलाय." त्यांनी वही चाळली. पाहुण्यांचा रविवार वाचला. त्यांचा चेहरा निवळला.

पुढं दोन महिन्यांनी निकाल सांगायला बोलावलं. रतनबाईला ताप होता, मी एकटाच गेलो. कोंडू आणि सावित्राबाई आधीच येऊन बाकावर बसले होते.

अनघाताईंच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. म्हणाल्या, "आबा, फरक नाही निघाला. खऱ्या यंत्राचे हात सरासरीनं पाचांनी सुधारले, मुक्यांचे साडेचारांनी. एवढा फरक नुसत्या नशिबानंही पडतो. यंत्राचा गुण म्हणता येत नाही. कंपनी यंत्रं परत नेतेय. पुढचं सगळं बंद."

"आन् आमचं कुठलं होतं?"

"मुकं." त्या हसायचा प्रयत्न करत होत्या. "तीच तर कमाल आहे. मुक्या यंत्रावर मावशी एकतीसपर्यंत गेल्या! त्या बारा जणांत त्यांच्याजवळपाससुद्धा कुणी नाही. तुम्ही सेवाच तशी केली असणार. पुण्याचे आमचे आकडेवाले सर म्हणाले, वही कशी ठेवावी ते या माणसाकडून शिकावं. आकडे खाली-वर होतात, खऱ्या माणसाचे होतात तसे."

बाकावरून कोंडू म्हणाला, "आबा, आमची वही तेवडी बाजूला काडली. नियम हाय म्हनं. समदं पाचात, म्हंजी मनानं लिवलेलं."

"खरं यंत्र त्यांच्याकडेच होतं," ताई हळू म्हणाल्या. "पण ठोकळ आकड्यांच्या वह्या धरायच्या नाहीत, हे आधीच ठरलं होतं."

सावित्राबाई उठली. पिशवीतून तिनं यंत्र काढलं, वायर नीट गुंडाळली आणि उजव्या हातानं टेबलावर ठेवलं. पेला उचलायला शिकलेल्या हातानं. "आजून करंगळी उघडत न्हवती," ती म्हणाली. "ती ऱ्हायली."

मला दोन वाफे दिसले. बिनखताच्या वाफ्यात मी बाहेरून पेंढ्या आणून रचल्या होत्या. रोज एक, नीट मोजून, वाकड्या आकड्यांत. आणि खताच्या वाफ्यातलं खरं पीक फार सरळ उभं होतं, म्हणून उपटून टाकलं होतं.

मी बोललो. "ताई, त्या वहीत एक आकडा खरा न्हाई. बारा आठवडे शून्य होतं."

त्या हसल्या. "आबा, आज थापा नकोत हो. आज माझ्यात ताकद नाही."

"थाप न्हाई."

"तुमची टोपी पण परत आली होती ना?"

कोंडूही हसला. मी हसलो नाही. मग हळूहळू ताईंचं हसू उतरलं. शेवटच्या तपासणीतला टेबलावर पडून राहिलेला हात त्यांना आठवला असणार. त्यांनी कागद ओढला, माझ्या एकतीसच्या जागी शून्य घातलं, कोंडूची वही परत धरली आणि बेरीज केली. खऱ्या यंत्राचे सहा आणि मुक्यांचे जेमतेम दोन. कागद तसाच माझ्यापुढं ठेवला. मला वाटलं, त्या ओरडतील. त्यांनी पुण्याला फोन लावला, खोलीच्या कोपऱ्यात जाऊन बराच वेळ बोलल्या आणि परत आल्या.

"नाही बदलता येणार."

"का? मी सही देतो. शपथेवर देतो."

"उत्तर दिसल्यावर आकडे बदलायला लागलो, तर आम्ही आणि तुम्ही एकच झालो, आबा. बंद झालेले तक्ते कुणी उघडत नाही. सर म्हणाले, खाली एक ओळ टाकू. वह्यांवर भरवसा ठेवता येत नाही, परत प्रयोग करायला हवा, म्हणून."

"कवा?"

त्यांनी आमचं आणि सावित्राबाईचं यंत्र खोक्यात ठेवलं आणि वर चिठ्ठी चिकटवली. मग म्हणाल्या, "तुम्ही शून्य लिहिलं असतंत ना, तर मावशींना या महिन्यात खरं यंत्र मिळालं असतं."

जीपमध्ये कोंडू माझ्याशेजारी बसला. एरवी सगळी जीप मला गोष्ट सांगा म्हणते. कोंडूनं विचारलं, "आबा, त्यो कागुद कसला? सहा आन् दोन म्हंजी काय?" मी त्याला सांगितलं. त्याला कळायला खंडाळ्याचं तळं मागं पडावं लागलं. मग तो उठला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसला. सावित्राबाई तिथंच राहिली, माझ्याकडं न बघता, उजव्या हातानं डाव्या हातातली बांगडी फिरवत.

घरी रतनबाईचा ताप उतरला होता. खाटेवर उठून बसली होती. "काय म्हनली पोरगी?"

थाप तयार होती. जिभेवर होती, खोटं कशाला सांगू. यंत्र दुरुस्तीला गेलंय, सतरा दिवसांनी येतंय. सतरा. तिनं मानलं असतं.

मी खरं सांगितलं. सगळं. शिवणयंत्रं, पाहुण्यांचा रविवार, एकतीस, कोंडूची वही. संपल्यावर तिनं डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला.

"म्या रोज पेल्याफुडं बसले," ती म्हणाली. "हलत न्हवता तरी बसले. ती पोरगी म्हनली हुती, शून्य बी कामाचं. माझं शून्य कुटं घालीवलं तुमी?"

 

"गाल हिकडं करा."

मी खाटेशी खाली बसलो आणि गाल पुढं केला. तिनं उजव्या हाताकडं बघितलं. तिच्या कपाळावर शीर उभी राहिली, खांदा थरथरला, मानेपर्यंत सगळं अंग ताणलं गेलं. हात मांडीवर होता तिथंच होता. मी डोळे मिटून वाट बघत राहिलो. शेवटी तिचा श्वास सुटला.

"डाव्यानं मार," मी म्हटलं.

"डाव्याचा काय संबंध?" ती म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून निजली.

वही केंद्रातच राहिली होती. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच्या तारखेखाली पेन्सिलीनं आकडा लिहिला. शून्य. बघून वाटलं, फार ठोकळ आहे. माझ्या हातचा आहे म्हटलं, तर कुणी मानणार नाही.