दोष कार्बोरेटरचाच

मित्रांनो, मी एक जुना कार्बोरेटर आहे. कार्बोरेटर म्हणजे काय हे तुम्हांला ठाऊक नसेल तर लाजू नका, तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांनाही ते ठाऊक नसतं. फरक इतकाच, की मोटारसायकल रस्त्यात बंद पडली की तुम्ही गप्प उभे राहता, आणि ती मोठी माणसं कमरेवर हात ठेवून सांगतात, ‘कार्बोरेटरमध्ये कचरा असणार.’ जणू मी गावाचा उकिरडाच.

म्हणून आधी नीट समजून घ्या. जुन्या मोटारसायकलची पेट्रोलची टाकी वर असते आणि मी तिच्या खाली, इंजिनाला चिकटून. टाकीतलं पेट्रोल नळीवाटे आपल्याच वजनाने माझ्या वाटीत उतरतं. दुसऱ्या बाजूने हवा येते. दोन्ही योग्य प्रमाणात मिसळून मी इंजिनाला देतो आणि गाडी पळते. वरून पेट्रोलच आलं नाही तर मी काय देणार? एवढी साधी गोष्ट आहे, पण ती ज्याला कळली असा माणूस मला उभ्या जन्मात एकच भेटला.

माझा जन्म भोसरीच्या एका कारखान्यात झाला. वितळलेला धातू साच्यात ओतून मला घडवलं, केसाएवढी बारीक भोकं पाडली, तपासलं आणि एका नव्याकोऱ्या मोटारसायकलीवर बसवलं. ती गाडी चाकणच्या आतल्या बाजूला असलेल्या एका गावातल्या रंगरावांनी घेतली. रंगराव शेतकरी, बैलांवर जीव असलेला माणूस. बैल गेले आणि तो सगळा जीव गाडीवर आला. ते रोज टाकी पुसायचे, आरसे पुसायचे, नंबरप्लेटसुद्धा पुसायचे. हवा गाळणारी जाळी साफ करावी लागते हे मात्र त्यांच्या गावीही नव्हतं. जे दिसतं ते पुसायचं आणि जे राबतं ते विसरायचं, ही त्यांची निगा.

तरीही मी राबलो. दुधाच्या किटल्या वाहिल्या, खताची पोती वाहिली, रंगरावांच्या मुलाला, म्हणजे ऋतिकला, शाळेत पोचवलं. “आपली गाडी एका किकात चालू व्हती बगा,” असं रंगराव चार माणसांत छाती फुगवून सांगायचे. कौतुक गाडीचं. माझं नाव निघायचं ते फक्त गाडी बंद पडल्यावर.

पुढे ऋतिकचं लग्न झालं आणि स्वप्नाली घरात आली. ऋतिक हिंजवडीला कंपनीची कॅब चालवतो. तो घरी येऊन झोपतो तेव्हा बाकीचं जग उठतं. स्वप्नालीला चाकणच्या एका कारखान्यात वायरी जोडण्याचं काम मिळालं, तेही कंत्राटदारामार्फत. कंपनीची बस आमच्या गावात येत नाही, म्हणून ती माझी गाडी शिकली. गिअरची गाडी, तीही साडीवाल्या सासूच्या देखत! पहिल्या दिवशी तिने मला इतके हिसके दिले, की मी तिलाही इतरांच्याच यादीत टाकून मोकळा झालो. पण मुलगी चिकाटीची निघाली. पंधरवड्यात तिचा हात असा बसला, की रंगरावांनाही तसा कधी बसला नव्हता.

रंगरावांनी परवानगी दिली होती, पण अटीवर. सासऱ्यांना ती मामा म्हणायची. ते म्हणाले, “जा तू. गाडी हाय घरात. पर गाडी रस्त्यात बंद पडाया लागली अन् तुला ढकलत यावं लागलं, तर मंग नोकरी न्हाई करायची. लोक आमास्नी नावं ठिवतील.”

“व्हय मामा,” एवढंच ती म्हणाली.

म्हणजे पाहा, नोकरी तिची, कष्ट तिचे आणि सगळा भार माझ्यावर. पण ती नोकरी तिला जिवापाड हवी होती, हे मला कळत होतं. सकाळी घराचा कोपरा ओलांडला, की ती गाडीवर गुणगुणायला लागायची. घरात मी तिला कधी गुणगुणताना ऐकलं नाही.

मग आली खंडेनवमी. आमच्या पट्ट्यात त्या दिवशी यंत्रांची चैन असते. कारखान्यातल्या प्रेसपासून घरातल्या विळीपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूची फुलं. रंगराव दरवर्षी गाडीची पूजा करायचे ती टाकीच्या झाकणावर, कारण झाकण म्हणजे गाडीचं कपाळ, असं त्यांचं मत. झाकणाचं कुलूप अडकू नये म्हणून आधी तेल सोडायचे, वर हळद, वर कुंकू, वर अक्षता. ते पुसायचं नाही हा नेम. आपोआप जाईल तेव्हा जाईल. यंदा तर सून कमावती झालेली. रंगरावांनी कुंकवाचा असा थर दिला, की झाकण भाकरीसारखं जाड दिसू लागलं.

दसरा झाला आणि स्वप्नाली कामावर निघाली. गाडी झोकात चालली होती. पुलाच्या चढावर आलो आणि माझ्या वाटीतलं पेट्रोल संपलं. वर टाकी भरलेली आणि खाली येईना एक थेंब! गाडी आचके देऊन थांबली. स्वप्नालीने किक मारमारून पाहिली, मग ढकलत नेली. थोड्या वेळाने गाडी आपली आपण चालू झाली, पण कारखान्याचं गेट बंद व्हायला आलं होतं. आतून लाइनवरच्या सुपरवायझर अनिता मॅडमचा आवाज आला.

“स्वप्नाली, तुझं काम चांगलं आहे म्हणून आज घेते. पुन्हा लेट आलीस तर नाव कंत्राटदाराकडे परत पाठवीन. मला लाइन थांबवता येत नाही.”

आणि मित्रांनो, इथून माझ्या अंगावर तज्ज्ञांची धाड पडली.

पहिला तज्ज्ञ ऋतिक. स्वतःच्या कॅबचं बॉनेट ज्याने जन्मात उघडलं नाही, तो स्क्रूड्रायव्हर घेऊन पुढे सरसावला. टाकीचं झाकण उघडून आत डोकावला, पेट्रोल आहे म्हणाला, झाकण लावलं. मग मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ लावून माझा हवेचा स्क्रू फिरवत बसला. “मिक्श्चर रिच झालंय, पेट्रोल जास्त जातंय,” तो म्हणाला. याला चहातली साखर बरोबर पडत नाही आणि हा माझं मिश्रण जुळवणार! किक मारली, गाडी चालू झाली. “बघ! पाच मिनिटांचं काम,” असं म्हणून तो झोपायला गेला. दुसऱ्या दिवशी गाडी त्याच चढावर बंद पडली. स्वप्नाली थोडी लवकर निघाली होती म्हणून वाचली.

दुसरा तज्ज्ञ चौकातला ज्ञानेश मेकॅनिक. त्याने झाकण उघडून पेट्रोलचा वास घेतला, टाकी हलवली, झाकण लावलं आणि मला सोलून काढलं. “कचरा हाय, वहिनी. कार्बोरेटरच हाय.” कचरा कुठे होता? ती हवेची जाळी न धुतल्याची किंचित धूळ. पण निदान आधीच ठरलेलं, तपासणी फक्त रिवाज. त्याने ब्रेकच्या केबलची तार घेतली आणि माझ्या बारीक भोकात खुपसली. कारखान्यात ज्या भोकाला माणसं भिंगाखाली धरून मापायची, त्यात हा दात कोरल्यासारखी तार फिरवत होता. अरे, हवेचा झोत मारायचा असतो रे त्यात! पण किक मारली आणि गाडी चालू झाली. “आता बघायचं काम न्हाई, वहिनी,” तो म्हणाला. स्वप्नालीला मात्र पुढच्याच सकाळी भर चढावर थांबून बघावं लागलं, आणि गेट तिने जेमतेम गाठलं.

मग घरात बैठक बसली. रंगराव, ऋतिक आणि ज्ञानेश. जिची नोकरी ती चहा करत होती. तिघांच्या मते मी म्हातारा झालो होतो. “नवा टाका,” रंगराव म्हणाले. “अन् स्वप्नाली, आता ऐक. नव्यावर बी बंद पडली, तर घरी बसायचं. बास झालं.”

मला उतरवलं. माझ्या जागी एक चकचकीत नवा कार्बोरेटर बसला, पेट्रोलचा वाससुद्धा न लागलेला. मला फडक्यात गुंडाळून गाडीच्याच बाजूच्या डिकीत टाकलं. भंगारवाला आला की देऊ, म्हणे.

दुसऱ्या सकाळी डिकीच्या फटीतून मी ऐकत होतो. पुलाचा चढ आला. आचका, आणखी एक आचका आणि गाडी बंद. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. घ्या! आता बोला! मग मला स्वप्नालीचा हुंदका ऐकू आला आणि माझ्या उकळ्या तिथेच विरल्या.

एक मोटारसायकलवाला थांबला. “ताई, कार्बोरेटरमध्ये कचरा असणार.”

“नवीन हाय दादा, कालच टाकलाय.”

“मग नवीनच खराब असणार,” असं सांगून तो गेला.

स्वप्नालीने डोळे पुसले आणि सवयीप्रमाणे पेट्रोल बघायला झाकण उघडलं. फुस्स करून हवा आत गेली. ती थबकली. मग स्वतःशीच बोलायला लागली. “यांनी स्क्रू फिरवला, तवा आधी झाकण उघडलं होतं. ज्ञानेशभावजींनी बी आधी झाकणच उघडलं. दर खेपेला झाकण उघडलं की चालू हुती.” तिने झाकण उलटंपालटं केलं. “तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल पडत न्हाई. वारा जायाला समोर दुसरं पाडावं लागतं. हिचं दुसरं भोक कुठं हाय?”

झाकणावर हवेसाठी एक बारीक भोक असतं. ते तेल, हळद आणि कुंकवाच्या थराखाली पार बुजलं होतं. टाकीत हवा शिरत नव्हती, म्हणून पेट्रोल खाली उतरत नव्हतं. बाप, मुलगा आणि मेकॅनिक, तिघांनी ते झाकण हातात धरलं होतं. त्यावर कुंकू होतं, म्हणून कुणी त्याच्याकडे यंत्राचा भाग म्हणून पाहिलंच नाही.

स्वप्नालीने इकडेतिकडे पाहिलं. ओढणीची पिन काढली. क्षणभर हात कपाळाला लावला आणि मग खरवडायला सुरुवात केली. लाल खपल्या रस्त्यावर पडल्या. पिन भोकातून आरपार गेली. तिने झाकण लावलं, किक मारली आणि गाडी जी निघाली ती गेटातच थांबली. अनिता मॅडम घड्याळ बघत म्हणाल्या, “आलीस? बस जागेवर.”

संध्याकाळी ती घरी आली. अंगणात गाडी लावण्याआधी तिने पर्समधल्या पुडीतलं चिमूटभर कुंकू झाकणावर लावलं. नीट पाहून, भोक सोडून.

“कशी चालली?” रंगरावांनी विचारलं.

“झकास, मामा.”

“कुठं बंद पडली?”

“कुठंच न्हाई.”

“बघा, मी म्हणत होतो ना,” ऋतिक म्हणाला, “सगळा दोष त्या जुन्या कार्बोरेटरचाच होता.”

मी डिकीत वाट पाहत राहिलो. आता बोलेल, आता सांगेल. जगात एका माणसाला खरं कळलं होतं आणि तो माणूस माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभा होता. ती म्हणाली, “व्हय, त्योच खराब हुता.”

मला भयंकर राग आला. इतक्या मूर्खांनी मला बोल लावले तेव्हा आला नव्हता इतका आला. रात्रभर मी धुमसत होतो. मग विचार केला, तिने खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? घरात भोकाची चर्चा झाली नसती. चर्चा झाली असती ती सुनेने देवाचं कुंकू पिनेनं खरवडलं याची. आणि तिसऱ्या दिवशी ती घरी बसली असती. कुणावर तरी दोष ठेवणं भाग होतं आणि माझी नोकरी तशीही गेली होती.

पुढे भंगारवाला आला. तिनेच मला त्याच्या हाती दिलं. घरात कुणी ऐकत नाही हे पाहून हळूच म्हणाली, “दादा, ह्यो चांगला हाय. फोडू नका. कुणाच्या तरी गाडीला लावा.”

“सगळे असंच म्हणतात, ताई,” असं हसून त्याने मला हातगाडीवर भिरकावलं.

मित्रांनो, आता तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही गाड्या बंद पडतील आणि तुम्हीही कमरेवर हात ठेवून उभे राहाल. एवढं करा. खाली वाकून कुणाचं पोट फाडण्याआधी वर बघा. पूजा मनापासून करा, पण जिची करता तिला हवा मिळते का तेही बघा. आणि तुमच्यातला कुणी ज्ञानेश झालाच, तर ती ब्रेकची तार तेवढी दूर ठेवा.

मी आता फाट्यावरच्या भंगाराच्या दुकानात पडलो आहे. सकाळच्या शिफ्टला स्वप्नाली याच रस्त्याने जाते. त्या गाडीचा आवाज मी हजारांत ओळखतो. ती माझ्यावाचून पळते याचं मला फार वाईट वाटतं. पण रोज सकाळी ती दुकानासमोरून पुढे जाईपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असतो, आणि ती न थांबता गेली की मग तो भांड्यात पडतो.